थोरलीचं टाकं

दरीतल्या रानबोकडांचे फोटो मिळाले नाहीत, तर ऐन-सिद्रच्या पाहुणेघरात पुढच्या हंगामात कुत्रंसुद्धा फिरकणार नाही, असं मुतलकने थोरल्या बहिणीला, फिद्दाला, बजावलं होतं. पाहुणेघर म्हणजे त्यांचंच जुनं गाव. आईच्या चुलीच्या जागी आता पाहुण्यांच्या बुटांची मांडणी होती. म्हणून बावन्न वर्षांची फिद्दा अम्मानहून फोटो काढायला आलेल्या तरुण इयादला घेऊन सकाळीच दरीत उतरली. बोकड लांबून दाखवायचे, ते पाणी कुठे पितात ते मात्र नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. खडकात कोरलेलं ते टाकं आईने फक्त थोरल्या लेकीला दाखवलं होतं. पुरुषांच्या पोटात पाणी राहतं, गोष्ट राहत नाही, असं आईचं म्हणणं.

दुपारी कड्यावरची पायवाट ढासळली. इयाद घसरला! दगड सुटले. पाण्याचे दोन्ही कॅन पाठपिशवीसकट खोल गेले. फिद्दाने त्याची कॉलर धरली, टाच रोवली, ओढलं! तो वाचला, घोटा मात्र टम्म सुजला. परतीची वाट तुटलेली, सावली कुठेच नाही. तासाभरात त्याची बडबड थांबली, मग घामही थांबला.

फिद्दाने डोक्याचं फडकं सोडलं आणि त्याच्या डोळ्यांवर बांधलं.

"मारताय की काय मला, खाला?"

"मारायचं असतं तर मघाशीच सोडलं असतं. टाक हात खांद्यावर."

टाक्यापाशी तिने शिळा सरकवली, त्याला घोट घोट पाजलं, डोकं भिजवलं, मग सवयीने शेजारची बोकडांची दगडी डोण काठोकाठ भरली; ती कोरडी असली की ते इकडे फिरकत नसत. उन्हं कलली तसे सात बोकड कड्यावरून अलगद उतरले आणि डोणीला तोंड लावून पिऊ लागले. इयादने फडकं वर सारलं. दहा पावलांवर ती कमानदार शिंगं! त्याने गळ्यातला कॅमेरा उचलला, फिद्दाकडे पाहिलं, आणि त्याचं झाकण लावून टाकलं. त्या क्षणी तो तिला पोटच्या पोरासारखा वाटला.

तेवढ्यात बोकड उधळले. वरून शिट्ट्या, दोर, माणसं! सगळ्यांत पुढे मुतलक. बहिणीला मिठी मारून तो लहान मुलासारखा रडला. आम्ही कसे सापडलो, असं तिने विचारल्यावर त्याने इयादचं मनगट उचलून दाखवलं. पाहुणेघराने प्रत्येक पाहुण्याला बांधलेलं घड्याळ! त्याची वाट पावलागणिक कचेरीत उमटत होती. इयादने मान खाली घातली. मनगटावरच्या घड्याळाची आठवण त्यालाही राहिली नव्हती.

मुतलकचं रडणं ओसरलं, तशी त्याची नजर पाण्यावर गेली.

"चाळीस वर्षं लपवलंस माझ्यापासून? अगं, इथे चार खुर्च्या टाकल्या तरी..."

"आधी पाणी पी," फिद्दा म्हणाली. "रडून घसा कोरडा पडला असेल."

त्याने डोणीतच ओंजळ बुडवली. बाकीचेही ओळीने वाकले. बघता बघता डोण तळाला गेली, आणि फिद्दाने ती पुन्हा भरली नाही.