वाऱ्याकडे पाठ

"मास्तर, माझ्या हातून बाबा मेले!" आफ्ये दारातच मटकन खाली बसली.

शाळेतली नोकरी सोडल्यापासून रुल्फ मास्तर झान नदीकाठच्या लोकांची गुपितं उकलून देत. सोबत वीबे असे, बहुतेक वेळा गोंधळलेला.

"काल तिन्हीसांजेला मीच पवनचक्की थांबवली. पात्याला साखळी लावली. पण सिमोनकाकांनी आज सकाळी पातं फिरताना पाहिलं, त्याचाच तडाखा बसला बाबांना. मग मी साखळी लावली की नाही?"

चक्कीच्या पायथ्याशी साखळी सुटून लोंबत होती. वीबेला पोरीची कीव आली.

"सातला हार्मेनदादा इथं उभा होता," सिमोन म्हणाला. "पाती गरगर फिरत होती. मी ओरडलो, पण उशीर झाला. मग ब्रेक ओढला. बाकी कशाला हात लावला नाही."

मास्तरांनी वर पाहिलं. चक्कीचं तोंड पश्चिमेला होतं.

मास्तरांची नजर वळताच धान्याच्या होडीवरचा तेउनिस तडकला. "माझं आणि हार्मेनचं भांडण होतं, कबूल. पण मी पहाटेपासून कालव्यात! पूर्वेचा वारा थेट तोंडावर, शीड मिटून होडी दोरानं ओढत आणली. संशय घ्यायचा तर चक्की पाडून वाफेचं यंत्र आणायला निघालेल्या ह्या सिमोनचा घ्या!"

"मला काहीच कळेना," वीबे पुटपुटला.

"वारा पहाटेपासून पूर्वेचा," मास्तर म्हणाले. "चक्कीचं तोंड मात्र कालच्यासारखंच पश्चिमेला. ते वळवायला दोन माणसं लागतात, म्हणजे सकाळपासून ते तसंच आहे. वाऱ्याकडे पाठ केलेली चक्की गरगर फिरेल कशी? पातं हललंच नाही, सिमोन. साखळी नंतर तू सोडलीस."

सिमोन साखळीकडे बघत म्हणाला, "वरच्या सज्जात वाद झाला. मी ढकललं... तो पडेल असं वाटलं नव्हतं."

"आणि दोष माझ्यावर?" आफ्येनं विचारलं.

सिमोनला नेल्यावर आफ्ये उठली. "वीबेदादा, जरा हात लावा." दोघांनी मिळून चक्कीचं तोंड पूर्वेला वळवलं. तिनं ब्रेक सैल केला, पाती फिरू लागली. एक पातं माथ्यावरून किंचित पुढे सरकताच तिनं ब्रेक ओढला. चक्कीवाल्यांची ही सुतकाची खूण.

कालव्यापलीकडची चक्की मंदावली, तशीच थांबली. मग तिच्यामागची. मग आणखी एक.

वीबेनं टोपी काढली.