वॉकरांच्या पेटीवरचा फणस

"धनंजयकाका, मी चोर दिसते का हो तुम्हाला?"

विनीने दारात चपला काढता काढताच विचारलं. अल अमेरातमधल्या त्या फ्लॅटमध्ये शुक्रवारचे पोहे नुकते ताटलीत पडले होते. रमण परुळेकरांचा चमचा हातातच राहिला.

धनंजय आजगावकर विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचे. निवृत्तीनंतर मस्कतमधले लोक आपली कोडी त्यांच्याकडे आणत. रमण त्यांचे शेजारी. एसी दुरुस्तीचं काम बघायचे आणि सुट्टीच्या दिवशी धनंजयरावांच्या मागे हिंडायचे. डोकं संथ चालतं, हे ते स्वतःच हसत सांगत.

"आधी बस. पोहे खा. मग सांग," धनंजयराव म्हणाले.

विनी वसईची. अल मवालेहमध्ये वॉकर नावाच्या वृद्ध इंग्रज इंजिनीअरचं घर सांभाळायची. साहेब उन्हाळाभर इंग्लंडला होते. परवा आले, आपली पिढीजात लाकडी पेटी उघडली आणि थिजलेच. झाकणाच्या आतली जुनी पितळी पट्टी गेली होती. तिथे नवी बसवलेली होती.

"चावी माझ्याकडे, म्हणून चोर मी. रविवारी व्हिसा रद्द करतो म्हणाले. आमची जॅस्मिन रीटा दहावीला आहे, काका. वर्षाच्या मध्यावर तिला घेऊन कुठे जाऊ?"

"रीटा कोण?"

"तीच हो. रीटा तिच्या गॉडमदरचं नाव. बाप्तिस्म्याला ठेवलं."

धनंजयरावांनी मान डोलावली आणि गाडीची किल्ली उचलली.

वॉकरसाहेब सत्तरीचे, उंच, दुखावलेले. त्यांनी पेटी उघडून दाखवली.

"पट्टीची किंमत काही नाही. पण तिच्यावर आमच्या घराण्याची सुरुवात होती. दिवसाच्या उजेडातही मी ती कधी नीट वाचलीसुद्धा नाही, इतकी काळी पडली होती. या वर्षी वाचणार होतो. माझी चुलतबहीण आमच्या आडनावाचा इतिहास लिहितेय."

"वॉकर म्हणजे पूर्वज खूप चालत असतील," रमण म्हणाले.

साहेब पहिल्यांदाच हसले. "चालायचे खरे, पण एकाच जागी! विणलेलं लोकरी कापड पाण्यात भिजवून पायांनी तुडवायचं, म्हणजे ते आटून घट्ट होतं. आमच्या उत्तर इंग्लंडात हे करणारा तो वॉकर. आग्नेयेला त्यालाच फुलर म्हणत, नैऋत्येला टकर. पुढे ते काम पाणचक्क्या करू लागल्या. पाय थांबले, आडनावं राहिली."

"आणि पट्टीवर काय होतं?"

"वर एक काटेरी बोंड कोरलेलं. तुडवलेलं कापड त्या बोंडाने विंचरून मऊ करत. खाली पेटीच्या पहिल्या काही मालकांची नावं. पहिला थॉमस. त्याला मूल नव्हतं, म्हणून पेटी धाकट्या भावाकडे गेली, एवढं आजोबा सांगायचे. साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट."

धनंजयरावांनी पेटी खिडकीशी ओढली. "रमणराव, वाचा बघू मोठ्याने."

रमणनी चष्मा सारखा केला. "थॉमस वॉकर. जॉन थॉमस वॉकर. सॅम्युएल जॉन वॉकर. विल्यम सॅम्युएल वॉकर. अगदी पद्धतशीर आहे की! आणि वर... अहो, हा तर फणस!"

खरोखरच, एका जाड बुंध्याला देठाने लोंबणारं काटेरी फळ होतं ते.

"फणसच," विनीही म्हणाली.

"यात काही खटकतं का, रमणराव?"

"फणस खटकतो. नावं ठीक आहेत."

"हं," एवढंच धनंजयराव म्हणाले. त्यांनी मोबाइलवर पट्टीचा फोटो घेतला.

उन्हाळ्यात पेटी उघडायचा प्रसंग एकदाच आला होता. झाकणाची बिजागरी तुटली, तेव्हा साहेबांनी फोनवरून सांगितल्याप्रमाणे विनीने कारागीर बोलावला. त्याने झाकण दुकानात नेलं आणि चार दिवसांनी परत आणून बसवलं. विनीने बाहेरून धूळ पुसली, कुलूप लावलं. आत पाहिलंच नव्हतं.

झाकण नेलं-आणलं होतं ड्रायव्हर इक्बालने. तो फाटकाजवळ गाडी धूत होता.

"साहब, मैंने तो सिर्फ़ ढोया. चादर में लिपटा था," तो म्हणाला. धनंजयरावांनी फोटोतलं फळ दाखवलं. इक्बालने बराच वेळ निरखलं. "भुट्टा है क्या? हमारे लाहौर में तो भुट्टा ऐसा नहीं होता."

"नाही, भुट्टा नाही," धनंजयराव हसले. "यल्ला, चला रमणराव. माबेलाला, त्या कारागिराकडे."

माबेलातलं ते दुकान अरुंद होतं. एका भिंतीवर कुलपं-बिजागऱ्या, दुसऱ्या भिंतीवर नावाच्या पाट्या आणि शाळांच्या बक्षिसांचे चषक. मालक जयप्रकाश सावंतवाडीकडचा. रमण परुळ्याचे म्हटल्यावर त्याने लगेच खुर्ची पुसली.

"गाववाले! चाय घेतलास?"

वॉकरसाहेबांचं नाव काढताच मात्र त्याचा हात थांबला. "बिजागरी बदलली. बाकी कशाला हात नाही लावला."

"बरं, ते असू दे," धनंजयराव म्हणाले. "आमच्या रमणरावांना दारावर पाटी हवी आहे. रमण परुळेकर."

रमण चकित झाले. त्यांना पाटीबिटी नको होती.

जयप्रकाशने पेन्सिल उचलली. "वडलांचं नाव?"

"ते कशाला?"

"असं कसं साहेब? बापाच्या नावाशिवाय पाटी बोडकी दिसते."

"मग घाल. शांताराम," रमण म्हणाले.

"संध्याकाळी वॉकरसाहेबांकडे ये," धनंजयरावांनी उठताना सांगितलं. "येताना त्यांची वस्तू घेऊन ये. तू ती टाकली नसशील, याची मला खात्री आहे."

जयप्रकाशने पेन्सिल कानामागे खोवली.

परतीच्या वाटेवर रमण कुरकुरले, "तुम्हाला कळलं, मला नाही. नेहमीचंच."

"तुम्हालाही कळलंय. फक्त ते इतकं ओळखीचं आहे की दिसत नाही."

संध्याकाळी सगळे वॉकरसाहेबांच्या बैठकीत जमले. विनी भिंतीला टेकून उभी होती. जयप्रकाश काखेत एक पुडकं धरून दाराशीच थांबला होता.

"साहेब," धनंजयरावांनी सुरुवात केली, "तुमच्या वडलांचं नाव तुमच्या नावात आहे का?"

"नाही. मी हेन्री जेम्स. वडील आर्थर."

"तुमच्याकडे दुसरं नाव आवडीचं असतं. आजोबांचं, मामाचं, कुणाचंही. आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी तुमच्या साध्या कापडकऱ्यांना बहुधा दुसरं नावच नसे. या पट्टीवर मात्र प्रत्येकाच्या मधे वरच्या माणसाचं नाव आहे. फक्त पहिला थॉमस एकटा. का, रमणराव?"

रमणनी कपाळावर हात मारला. "त्याच्या बापाचं नाव कोरणाऱ्याला कुठून मिळणार! अहो, ही तर आपली पद्धत. स्वतःचं, वडलांचं, मग आडनाव. म्हणून मला काहीच खटकलं नाही!"

"आणि कोरणाऱ्यालाही. चार नावं एकाखाली एक, म्हणजे बाप-लेकच, असं त्याने धरलं. पण जॉन हा थॉमसचा मुलगा नव्हताच, भाऊ होता. साहेबांनी सकाळीच सांगितलं. विकण्यासाठी पट्टी चोरणारा असा वेळ घालवत नाही. ही बनवणाऱ्याला अर्धवट नावं पूर्ण करून द्यायची होती."

"विनी भारतीयच आहे," साहेब हळूच म्हणाले.

"तिच्या मुलीच्या नावात मधे गॉडमदर आहे, वडील नाहीत. तिच्या हातून बाप-लेकांची ही माळ ओवली गेली नसती. इक्बालच्या हातून फणस झाला नसता, त्याला तो ओळखताही आला नाही. झिजलेलं काटेरी बोंड पाहून ज्याच्या मनात परसातला फणस आला, ज्याला बापाच्या नावाशिवाय पाटी बोडकी वाटते आणि ज्याच्याकडे कोरायची हत्यारं आहेत, असा माणूस एकच."

जयप्रकाशने पुडकं सोडलं. आत काळपट, झिजलेली पट्टी होती.

"चकाकी यावी म्हणून अ‍ॅसिडात घातली, साहेब. कोणी सांगितलं नव्हतं. आधी थोडीफार दिसत होती ती अक्षरंही विरघळली. घाबरलो. पहिली नावं आठवत होती, त्यावरून नवी केली. वाटलं, साहेबांना चांगलीच वाटेल." त्याने विनीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "हिच्यावर येईल, असं वाटलं नव्हतं. आलं ते इक्बालकडून कळलं, तेव्हा तोंड उघडायला हवं होतं."

"जुनी का ठेवलीस?" साहेबांनी विचारलं.

"माणसांची नावं कचऱ्यात कशी टाकणार?"

धनंजयरावांनी दिवे घालवायला सांगितले आणि टॉर्च पट्टीच्या कडेला, अगदी आडवा धरला. खोल गेलेल्या रेघांत सावल्या भरल्या. थॉमस. जॉन. सॅम्युएल. विल्यम. आडनाव एकदाच, सगळ्यात खाली. वर उभ्या दांड्यावरचं बोंड.

वॉकरसाहेब गुडघ्यांवर बसून ती नावं पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग उठून विनीसमोर आले.

"मी चुकलो. मला माफ कर. तुझं काम आहे तसंच राहील."

विनीने डोळे पुसले नाहीत. "राहीन मी, सर. जॅस्मिनसाठी. पण पुढच्या वेळी आधी विचारा, मग ठरवा."

"विचारेन," साहेब म्हणाले.

तिने मान हलवली आणि दिवे लावले.

साहेबांनी जुनी पट्टी तिच्या जागी ठेवली. नवी हातात घेऊन त्या फणसावरून अंगठा फिरवला.

"हीसुद्धा राहू दे. जुनीच्या खाली. आता हाही आमच्या इतिहासाचा भाग झाला. आणि शेवटी थोडी जागा आहे, तिथे माझं नाव घाल."

जयप्रकाशचा हात सवयीने कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. तो अडखळला. सगळ्यांकडे पाहून घेत त्याने भीत भीत विचारलं, "हेन्री... पुढे काय घालू, साहेब?"

"आर्थर," वॉकरसाहेब म्हणाले. "माझ्या वडलांचं नाव."