केतकीचा कंपांक

आता समुद्रावर मदत भीतीच्या क्रमाने मिळत असे. रविवारी मालवणच्या पाण्यात हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या जाईच्या कळ्या उधळाव्यात तशा पसरायच्या, आणि वारा फिरला की सगळ्यांच्या हाका एकदम रेडिओवर यायच्या. सुटकेच्या बोटी दोनच. आधी कुणाकडे धाडायची? माणूस ठरवायला बसला की वशिला शिरतो, म्हणून ते काम डॉक्टर पाठकांच्या यंत्राकडे सोपवलेलं. माणूस घाबरला की गळ्याचे स्नायू आवळतात आणि आवाजात कानाला न कळणारा कंप उतरतो. यंत्र तो मोजून प्रत्येक हाकेला आकडा देई; त्याला म्हणायचे कंपांक. सोंग त्याच्यापुढे चालत नसे.

वत्सला कुबल किनाऱ्यावरच्या त्याच केंद्रात हौशी लोकांना रेडिओ शिकवायची. बटण दाबा, एक श्वास थांबा, होडीचं नाव सांगा, जागा सांगा, माणसं किती ते सांगा. आणि आवाज कसा, तर जात्यावर ओवी म्हणावी तसा संथ. लेकीला तर तिने हे पाळण्यातच शिकवलं म्हणायचं.

त्या दुपारी तीच लेक, केतकी, रेडिओवर आली. होडीला चीर गेली होती, पाणी गुडघ्याला लागलं होतं. सगळं तिने नीट, क्रमाने सांगितलं. शेवटी म्हणाली, "आये, काळजी करू नको. मी बरी आसंय."

पडद्यावरच्या कंपांकांच्या यादीत केतकी सगळ्यांच्या खाली गेली. वर एक गृहस्थ होते. त्यांची होडी वाळूत रुतली होती आणि ते एकेका देवाला हाक मारत होते.

वत्सलाने विचारलं, हिला वर घेता येत नाही का? यंत्रापाशी बसलेले डॉक्टर पाठक म्हणाले, तशी कळच ठेवलेली नाही. मग पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "तुम्ही इथे आहात ना, म्हणून ती घाबरत नाहीये."

वत्सलाला उमगलं. तिने बटण दाबलं.

"केतकी, कोण येवचो नाय."

पलीकडे नुसतं पाणी वाजलं. मग "आये?" एवढंच. आकडा उसळला आणि धक्क्यावरून बोट सुटली.

वत्सलाचा हात पुन्हा बटणाकडे गेला. डॉक्टरांनी तो अडवला. "बोट पोचेपर्यंत नको. तिला धीर आला की आकडा उतरेल, आणि बोट वाटेतूनच दुसरीकडे वळेल."

"आये, आसंस मां गो? बोल गो, आये."

वत्सलाने हात मांडीखाली दाबून धरला. लेकीचा आवाज फाटत गेला, तशी बोट सरळ तिच्याकडे जात राहिली.