सात जागी दहा

प्रतिभाच्या हाताखालून चूक सुटली, असं पिंपळवंडीत कुणी ऐकलं नव्हतं. लग्नपत्रिका असो की पतसंस्थेचा अहवाल, तिची लाल रेघ फिरल्याशिवाय छापखान्यातलं पान हलत नसे. २००२ साली पुण्याच्या एका कंपनीनं दूध संस्थांसाठी डेटाबेसचा प्रोग्राम काढला. तो शिकवणाऱ्या मराठी पुस्तकाची मुद्रितं तपासायला एस.टी.नं तिच्याकडं आली.

रविवारी दुपारी नवरा सुनील समोर बसून मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, ती मुद्रित तपासायची. तो स्वल्पविरामसुद्धा असा म्हणे, जणू वाटेवरच्या पावण्याला हाक मारतोय.

"नमुना तक्ता. सभासदांची यादी." सुनील थांबला. "आयला, चार नंबरला मीच! सुनील, पिंपळवंडी. इचारलं बी न्हाई राव कंपनीनं."

"जगात तुम्ही एकटेच सुनील का? वाचा पुढं."

मजकूर म्हणत होता, नोंदी दहा. तक्त्यात होत्या अकरा. शेवटची: जानकू, डिंगोरे. नेमकं तिच्या थोरल्या भावाचं नाव आणि गाव. तिला हसू आलं. पण दहाचे अकरा करायचे तर पानावर सात जागी हात लावावा लागणार. त्यापेक्षा एक ओळ उडवणं सोपं. तिनं जानकूवर लाल रेघ ओढली.

चार वाजता नेहमीसारखा माहेरी फोन लावला.

"आई, दादाला दे गं."

"कोन दादा?"

"जानकूदादा!"

"येडी का खुळी? एकलंच तर लेकरू तू आमाला."

"तुला भाऊ कधी व्हता?" सुनीलनं विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

भिंतीवर त्यांच्या लग्नातला फोटो होता. कानपिळीचा. त्यात जानकू नव्या दाजींचा कान पिळत असायचा. आता सुनीलचा कान ताणलेला होता, मान कलली होती. पिळणारा हात नव्हता.

प्रतिभा रडली नाही. तिनं पान पुढं ओढलं. खोडलेल्या ओळीखाली ठिपके दिले आणि समासात लिहिलं: कायम. म्हणजे खोडलं ते चुकून, ओळ राहू द्या.

"वाचा. प्रत्येक दहाला थांबा. सात आहेत. एकही सोडायचा नाही."

"एका ओळीपायी एवढं?"

"वाचा म्हटलं ना!"

पहिला. दुसरा. तिसरा.

सहाव्या जागी अकरा झाले, आणि फोन वाजला.

"काय गं प्रतिभे, मला हुडकत व्हतीस म्हणं?"

दादा. तिनं त्यालाच बोलू दिलं. टोमॅटोपासून म्हशीपर्यंत सगळं ऐकलं.

फोन ठेवून पानाशी परत आली तेव्हा खोली शांत होती.

तक्त्याखाली शेवटचा दहा तसाच होता. तिनं ओळी मोजल्या. दहा. शेवटी जानकू.

मग वर सहा जागी अकरा कुणी केले? अक्षर तर तिचंच. आपल्या हातून एवढी ढोबळ चूक? ती स्वतःवरच चिडली आणि सहाही जागी पुन्हा दहा केले.

आता सगळं जुळलं.

समोर रिकामी खुर्ची कशाला ओढून ठेवलीय, ते तिला कळेना. ती तिनं भिंतीला लावली. वर फोटो होता. मुंडावळ्या बांधून ती पाटावर एकटीच बसली होती. शेजारच्या मोकळ्या जागेत दादा वाकला होता, हवेतच चिमूट पिळून हसत.