बंद न करता उपटलेला पेन ड्राइव्ह

ही थाप नाही.

थापा मी भरपूर मारतो, ते आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण थापेत मी नेहमी स्वतःला शूर दाखवतो. यात मी पळालो आहे. त्यावरूनच काय ते ओळखा.

घडलं ते माझ्या धाकट्या साडूच्या बाबतीत. मंगळवार होता. सकाळचे साडेअकरा. बाहेर लख्ख ऊन. भुतं अंधारातच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी बापड्यांनी तसंच समजत राहावं.

साडू कॉम्प्युटर दुरुस्त करतो. घरोघरी, दुकानोदुकानी जातो. त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेन ड्राइव्ह असायचा आणि त्यात त्याचा स्वतःचा ब्राउझर. कुठल्याही कॉम्प्युटरला लावायचा, पेन ड्राइव्हवरूनच उघडायचा, काम झालं की बंद करायचा. बंद केला की पाहिलेलं सगळं पुसलं. ना त्या कॉम्प्युटरवर खूण, ना पेन ड्राइव्हवर.

"दादा, मी दुसऱ्याच्या घरी जेवतो, पण ताट माझं नेतो," असं तो मला ऐटीत सांगायचा.

खरं कारण वेगळंच होतं.

दीड महिन्यापासून त्याच्या डाव्या गालात, आतल्या बाजूला, एक पांढरा डाग होता. मुगाएवढा, दुखरा. जीभ सारखी तिथंच जायची. बायकोला सांगायची सोय नव्हती. माझी मेहुणी नुसती शिंक ऐकली तरी अंथरूण घालते. म्हणून हा गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर गुपचूप डागांची चित्रं बघायचा. बघायचा, घाबरायचा, पुसायचा. डॉक्टरकडे मात्र जायचा नाही.

तर त्या मंगळवारी तो एका फ्लॅटवर गेला. दुसरा मजला. दार एका पुतण्याने उघडलं.

"काकांचा कॉम्प्युटर आहे. चालतो का बघा. विकून टाकायचाय."

आत फिनेलचा वास होता. आणि फिनेलच्या खाली... दुसरा. गोडसर. बंद पडलेला फ्रिज आठवड्याने उघडावा तसा.

साडूने घाणेरडे कीबोर्ड खूप पाहिलेत. बिस्किटांचा चुरा, कापलेली नखं, मुंग्यांच्या वसाहती. पण हा कीबोर्ड... कळांच्या फटीत पिवळट थर साचलेला. त्यात आखूड पांढरे केस रुतलेले. त्याने वरवर फडकं मारलं, मशीन चालू केलं. अपडेटला वेळ लागणार होता. पुतण्या फोनवर बोलत गॅलरीत गेला.

साडूने पेन ड्राइव्ह लावला. डागांची चित्रं उघडली. आणि आपला डाग त्यातल्या कुठल्या चित्रासारखा लागतो, ते पाहायला बोट तोंडात घातलं. नीट चाचपलं.

मग तेच बोट पुन्हा कळेवर ठेवलं. उचललं... तर कळेपासून बोटापर्यंत तार आली. पाकाची येते तशी.

पुतण्या परत आला तेव्हा साडू बोटाकडे बघत बसला होता.

"काका काही सांडायचे वाटतं यावर?"

"नाही हो." पुतण्या खिडकीकडे बघत म्हणाला. "काका त्यावरच गेले. बसल्या जागी. डोकं असं टेकलेलं, कीबोर्डवर. नऊ दिवसांनी कळलं आम्हाला. खालच्यांनी फोन केला, वास येतोय म्हणून."



साडू ताडकन उठला. पेन ड्राइव्ह उपटला. आधी ब्राउझर बंद करा, मग काढा, असं गिऱ्हाइकांना शंभरदा बजावणारा हा माणूस. त्याने तो उघडाच उपटला आणि मोरीत जाऊन ओकला. अर्धी साबणाची वडी हाताला आणि ओठांना घासून संपवली.

बुधवारी तो एका शाळेच्या ऑफिसात होता. नवा कॉम्प्युटर खोक्यातून काढला. कीबोर्डचं प्लास्टिक त्याने स्वतः फाडलं. पेन ड्राइव्ह लावून ब्राउझर उघडला.

मागची पानं परत उघडायची का, असं ब्राउझरने विचारलं.

हे त्याने कधीच विचारलं नव्हतं. त्याला मागचं काही आठवतच नसे. साडूने 'नको' दाबलं.

शोधायच्या चौकटीत अक्षरं उमटू लागली. एकेक. सावकाश... एका बोटाने टाइप करणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.

"तोंडात माशी शिरते. कशी काढावी?"

साडूचे दोन्ही हात मांडीवर होते.

"काय हो भाऊ," शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "खिशात उंदीर-बिंदीर मेलाय का तुमच्या?"

त्या हसल्या. मग हसू थांबवून त्यांनी खिडकी उघडली. मग दुसरीही उघडली.

गुरुवारी, छापखान्यात.

"हाताची साल मोज्यासारखी निघते. काय लावावं?"

शुक्रवारी, चष्म्याच्या दुकानात.

"हाक मारली तर कुणी ओ देत नाही. माझे कान तपासावेत का?"

प्रत्येक ठिकाणी कीबोर्ड वेगळा. प्रत्येक ठिकाणी कळा हळूहळू चिकट व्हायच्या. साडूने जेवणातून हात काढून घेतला. सगळं चमच्याने खाऊ लागला. तेही निम्मंच. घासाला तो वास यायचा, म्हणे. आणि गालातला डाग मुगाचा वाल झाला होता.

शनिवारी दुपारी घरी बसून त्याने पेन ड्राइव्ह साफ पुसला. ब्राउझर नव्याने टाकला. उघडला.

चौकट रिकामी.

त्याने मोठा श्वास सोडला. सवयीने लिहिलं, "गालातला पांढरा डाग". तो थांबला. पण वाक्य थांबलं नाही.

"...आता दुखत नाही."

साडूने जिभेने चाचपून पाहिलं. खरंच दुखत नव्हतं. कालपासून.

शेवटी त्याने धीर करून लिहिलं, "काका, तुम्ही वारलात हो. उपाय शोधू नका."

 कर्सर नुसता लुकलुकत होता... मग अक्षरं आली.

"मग हे माझं बोट कुणाच्या तोंडात आहे?"

आणि साडूच्या गालात, आतून, काहीतरी सरकलं.

त्याने पेन ड्राइव्ह वरवंट्याखाली घातला आणि बायकोसमोर जाऊन सगळं ओकून टाकलं. या वेळी शब्दांत.

"दीड महिना?" मेहुणी कडाडली. "दीड महिना तोंडात घेऊन बसलात आणि मला पत्ता नाही? उघडा. आ करा म्हणते ना!"

तिने टॉर्च लावून आत पाहिलं.  मग हात धुतले. पुन्हा धुतले.

"चला. आत्ता डॉक्टर."

डॉक्टरांनी डागाचा तुकडा काढला. कापताना रक्त आलं नाही. तुकडा लॅबला गेला.  आठवडाभर मेहुणी रोज माझ्या बायकोला फोन करून नुसती हुंदके द्यायची.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता.

मेहुणी आनंदाने इतकी रडली, की शेजारचे धावत आले. साडू मात्र डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होता.

"फक्त एक गोंधळ झालाय," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "लॅबवाले म्हणतात, हा तुकडा जिवंत माणसाचा नाही. प्रेताचा आहे. बरेच दिवस पडलेल्या. नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. पुन्हा देऊ."

पुन्हा दिला. दुसरा रिपोर्ट येऊन तीन आठवडे झाले. आणायला अजून कुणी गेलेलं नाही.

गेल्या रविवारी दुपारी आम्हा दोघांना त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. बायका स्वयंपाकघरात, मी आणि साडू टेबलाशी. गडी खुशीत दिसला. वजनही भरलेलं.

"दादा, आता काहीच जाणवत नाही बघा तिथं. चावलं तरी कळत नाही."

"बरंय की," मी म्हटलं.

"भूकही लागते मस्त."

आतून माझी बायको ओरडली, "पाचच मिनिटं हं! काही वाढलेलं नाहीये अजून!"

टेबलावर चार कोरडी ताटं होती. पाण्याचा जग होता. बाकी काही नव्हतं.

साडू माझ्याकडे बघून हसला. त्याचा डावा गाल हलत होता. सावकाश... चवीने काहीतरी चघळत होता.

मग त्याने ते गिळलं.