सेल्फ घेते, चालू होत नाही

वहिनींचा फोन आला तेव्हा मिस्त्री बायकोच्या प्लास्टरमधल्या पायाखाली उशी सरकवत होते.

"भाऊजी, गाडी रुसलीय. सेल्फ घेते, पण चालू काही होत नाही. आणि मला संध्याकाळच्या आत पोरीकडे पोचायचंय हो!"

पोर म्हणजे मिस्त्रींची पुतणी. बाळ आडवं होतं, म्हणून डॉक्टरांनी त्या संध्याकाळीच ऑपरेशन ठरवलं होतं. पोरीने आईला फोनवर बजावलं होतं, "बाबा नाहीत. निदान तू दिसल्याशिवाय मी आत जाणार नाही." दवाखाना घाटाखाली, आणि बस सकाळीच निघून गेली होती. उरली ती दादाची गाडी.

दादा म्हणजे मिस्त्रींचा थोरला भाऊ. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. वहिनींना गाडी त्यानेच शिकवली होती, आणि त्या शिकवणीत संसार मोडता मोडता राहिला, असं मिस्त्री चारचौघांत सांगायचे. वहिनीही हसायच्या. पण गाडी मात्र त्या उत्तम चालवायच्या, अगदी घाटातसुद्धा.

मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन निघाले. बाहेर सकाळपासून धुकं बसलं होतं आणि दुपार झाली तरी हलायचं नाव घेत नव्हतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर भर दुपारी दिवा लावावा लागला. आत ऑइलचा आणि जुन्या टायरचा वास कोंडला होता. गाडी पुसून लख्ख ठेवलेली होती. वहिनी रोज पुसायच्या.

"बसा आत. मी 'मारा' म्हटलं की चावी फिरवायची, 'बस' म्हटलं की सोडायची," मिस्त्री बॉनेट उघडत म्हणाले.

"ठाऊक आहे मला. तुम्ही दोघं भाऊ हेच करत बसायचात दर रविवारी. ह्यांना आत बसवून तुम्ही हुकूम सोडायचात."

"तेवढीच एक जागा होती जिथे दादा माझं ऐकायचा. मारा!"

इंजिन जोरात फिरलं. म्हणजे बॅटरी ठणठणीत, स्टार्टर ठणठणीत. पण पेट काही घेईना.

"बस!"

मिस्त्री घाई करणाऱ्यांतले नव्हते. नुसतं फिरणारं इंजिन पेटायला पेट्रोल, ठिणगी आणि हवा लागते, यांतलं कोण दगा देतंय ते आधी शोधायचं, मग पाना उचलायचा. त्यांनी एक प्लग काढून धातूला टेकवून धरला. वहिनींनी चावी फिरवली, आणि त्या अंधारात निळी ठिणगी तडतडली. ठिणगी होती. हवेची जाळीही स्वच्छ होती. प्लग परत बसवून ते मागच्या दाराशी गेले आणि सीटला कान लावला.

"नुसती चावी ऑन करा. सेल्फ नको."

चावी ऑन केली की टाकीतला पंप क्षणभर गुणगुणतो. मिस्त्रींनी श्वास रोखून ऐकलं. काहीच नाही. शेडबाहेर धुकं पत्र्यावरून टिपटिप गळत होतं, तेवढंच.

"पंप चालत नाही. पेट्रोल पुढे जातच नाहीये," ते म्हणाले आणि इंजिनशेजारची फ्यूजची डबी उघडली. फ्यूज शाबूत होता. पण पंपाला वीज देणारा रिले, काडेपेटीपेक्षा लहान काळा ठोकळा, जागेवर नव्हताच. खाच रिकामी होती.

"वहिनी, कोणी हात लावला होता का इथे?"

"काल मीच बाजारातून आणून उभी केली. शेडला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. कोण लावणार हात?"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. मग नेहमीची युक्ती केली. हॉर्नचा रिले त्याच जातीचा असतो, तो काढून पंपाच्या खाचेत बसवला. "मारा!"

पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. वहिनींनी आनंदाने स्टिअरिंगवर थाप मारली. "बघा, हॉर्न नाही तर नाही. मी खिडकीतून ओरडत जाईन!"

मिस्त्रींनी बॉनेट लावलं. वहिनी उतरून दाराशी ठेवलेली बॅग उचलायला वळल्या. गाडी छान चालू होती. आणि एकाएकी, कोणीतरी खुडून टाकावं तशी, बंद पडली.

मिस्त्रींनी पुन्हा बॉनेट उघडलं, डबीचं झाकण काढलं. खाच रिकामी. दुसराही रिले गेला होता. त्यांनी बोट लावून पाहिलं. खाच कोमट होती. आणि तिथे, ऑइलच्या वासातून, दाढीच्या साबणाचा वास आला. तो साबण त्या घरात आता कोणीच वापरत नव्हतं.

"वहिनी... तुम्हाला येतोय का वास?"

वहिनींनी मान डोलावली. मग अगदी हळू म्हणाल्या, "भाऊजी... तुमचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही हीच गाडी घेऊन सासुरवाडीला निघाला होतात. आठवतं?"

मिस्त्रींना आठवलं आणि अंगावर काटा आला. तेव्हाही गाडी अशीच नुसती सेल्फ घेत होती. दादाने पहाटेच रिले काढून खिशात टाकला होता. लांबच्या रस्त्याला निघणारी गाडी तो स्वतः तपासल्याशिवाय घराबाहेर पडू द्यायचा नाही. घाईत निघणारा माणूस ऐकत नाही, म्हणून आधी रिलेच काढून ठेवायचा. चाकं, ब्रेक, दिवे बघून झाले की गुपचूप परत लावायचा. नवरदेव तेव्हा चिडून लालेलाल झाला होता.

आणि आज मिस्त्रींनी काय केलं होतं? सेल्फ, ठिणगी, पंप. चालू कशी होईल एवढंच बघितलं. थांबेल कशी, ते बघितलंच नव्हतं.

"चुकलंच, दादा," ते रिकाम्या खाचेकडे बघत म्हणाले. "बघतो."

त्यांनी गाडी जॅकवर चढवली. पुढचं डावं चाक काढलं आणि दिवा जवळ धरला. ब्रेकचा रबरी पाइप वळणाशी तडकला होता. आतलं तेल पाझरून चाकाची आतली बाजू ओली झाली होती. गावातल्या गावात दोन-चार वेळा चाललं असतं. घाटाच्या उतारावर पहिल्याच जोरात फुटलं असतं.

वहिनींनी तो ओला पाइप पाहिला आणि पदर तोंडाला लावला. "मेल्यावरही माझ्या गाडी चालवण्यावर विश्वास नाही म्हणते मी," त्या म्हणाल्या, आणि मग मात्र रडल्या. मिस्त्रींनी तोंड फिरवून पाना पुसला. त्यांनाही दादाची आठवण येत होती, अगदी पोटातून.

पाइप कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणला, बसवला. मग वहिनींनी ब्रेक दाबायचा आणि मिस्त्रींनी खालून पाइपमधली हवा काढायची, असं "दाबा... सोडा" बराच वेळ चाललं. ब्रेक टणक लागला तेव्हा मिस्त्रींनी फ्यूजची डबी उघडली. दोन्ही रिले आपापल्या जागी बसलेले होते.

वहिनींनी चावी फिरवली, गाडी सुरू झाली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

पुन्हा फोन आला तो दिवेलागणीनंतर. "भाऊजी, वेळेवर पोचले! पोर मला बघून मगच आत गेली. मुलगी झाली. दोघी छान आहेत." मिस्त्रींचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोला ओरडून बातमी दिली.

"मी आता खाली गाडीपाशी आलेय. बॅग घ्यायला," वहिनींचा आवाज एकदम दबका झाला. "वाटेत काय झालं सांगू? शेजारी बसलेल्याने पट्टा लावला नाही की गाडी टिंगटिंग करते ना... तशी करत होती. शेजारी कोणी नाही, बॅग मागे. शेवटी मी वैतागून म्हटलं, लावा बाई एकदाचा. तर थांबली."

"मग?"

"मग आत्ता बघतेय, पट्टा लावलेला आहे. पण सीटला चिकटून नाहीये, भाऊजी. पुढे आलाय... ह्यांच्या पोटावरून यायचा तसा."

जो माणूस नातवंडाची आस लावून बसला आणि ते न बघताच गेला, त्याला कुठल्या तोंडाने नको म्हणायचं? "दार उघडा, वहिनी," ते म्हणाले. "न्या त्याला वर."

फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला. मग वहिनी, लाडात यायच्या तेव्हाच्या आवाजात, "चला. नात बघायची ना?"

खट्. पट्टा सुटला. मिस्त्रींनी स्पष्ट ऐकलं आणि हसू आवरेना.

मग पुन्हा एक. खट्.

"वहिनी?"



"भाऊजी..." त्या म्हणाल्या, "हा मागच्या सीटचा होता."