सत्तावीस-ब

चाकणच्या उगमवाचन केंद्रात माणसांची फुप्फुसं वाचली जात. रुग्णाच्या छातीतून चमचाभर द्राव काढायचा, यंत्रात घालायचा; अर्ध्या तासात पडद्यावर आकडे उमटत. इतके टक्के काजळी या जातीच्या इंजिनाची, इतके टक्के त्या जातीच्या. धूर सोडणारी शेवटची गाडी भंगारात जाऊन बावीस वर्षं झाली होती. बाहेर हमरस्त्यावरून विजेच्या, बिनचालकाच्या गाड्या मुकाट्याने धावत होत्या. हवा निवळली होती, लोकांचा खोकला मात्र गेला नव्हता.

अच्युत दळवी त्या दिवशी केंद्रात आले ते जाणकार म्हणून. वय सत्तर. एकेकाळी एका मोटार कंपनीत ते इंजिनांचं सॉफ्टवेअर लिहीत. पुढे कंपनी बुडाली, कागदपत्रं हरवली. काजळीतली कुठली खूण कंपनीच्या कुठल्या इंजिनाची हे तोंडपाठ सांगू शकेल असा तेवढा एकच माणूस उरला होता.

केंद्राच्या प्रमुख डॉ. रेहाना मुलाणी समोरच्या बाईंना समजावून सांगत होत्या. बाई साठीला आलेल्या, नाकाला प्राणवायूची नळी. नाव सिंधू वाघचौरे.

"सिंधूताई, तेव्हा सरकारने नियम केला होता. प्रत्येक इंजिनात एक छोटी कुपी बसवायची. तिच्यातून दोन-तीन दुर्मिळ धातूंचं ठरावीक मिश्रण, अगदी कणभर, धुरात मिसळायचं. प्रत्येक जातीच्या इंजिनाचं मिश्रण वेगळं. ही धूरखूण. रस्त्यावरची हवा तपासली की कुठली गाडी किती धूर ओकते ते कळावं, म्हणून."

"मग तपासली का हवा?"

"नाही. ती यंत्रं कधी बसलीच नाहीत. कुप्या मात्र बसल्या. त्या खुणा काजळीबरोबर छातीत गेल्या आणि तिथेच राहिल्या. आता आम्ही त्या वाचतो." डॉक्टरांनी पडदा वळवला. "तुमच्यात चौसष्ट टक्के काजळी एकाच जातीच्या इंजिनाची आहे. सत्तावीस-ब."

अच्युतराव चष्म्याची काडी बोटांत फिरवत होते, ती थांबली.

"हे कसं होईल?" सिंधूताई म्हणाल्या. "मी नऊ वर्षं पीयूसीच्या शेडमध्ये होते. मोशीला. सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ड्रायव्हरला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगायचं, आकडा बघायचा आणि सर्टिफिकेट द्यायचं. कागदावर सत्तावीस-ब लिहिलेल्या गाड्यांचा आकडा सगळ्यात चांगला यायचा. मी लोकांना सांगायची, घ्यायची तर हीच घ्या. माझ्या दिरांनाही तीच घ्यायला लावली."

डॉक्टर अच्युतरावांकडे वळल्या. "म्हणूनच तुम्हाला बोलावलं, सर. एवढ्या स्वच्छ इंजिनाची एवढी काजळी? आमच्याकडच्या खुणांच्या यादीत काही अदलाबदल तर नाही ना?"

एक शब्द पुरला असता. 'असेल' म्हणायचं आणि घरी जायचं. विचारायला कंपनी नव्हती, तिथले त्यांचे वरिष्ठ प्रधानसाहेबही जाऊन अकरा वर्षं झाली होती.

ते तोंड उघडणार तोच सिंधूताई म्हणाल्या, "यादी कशाला चुकेल? माझंच चुकलं असणार. मशीन मला नीट लावता आलं नसेल. माझ्या सहीने घाण गाड्या पास झाल्या, लोक आजारी पडले. रोज मनात येतं ते माझ्या."

एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला. ती उबळ थांबेपर्यंत अच्युतराव भिंतीकडे बघत राहिले.

त्यांना ती बैठक आठवली. काजळी अडवणारं फिल्टर भरलं की त्यातली काजळी जाळावी लागे आणि त्याला जास्तीचं डिझेल लागे. लिटरमागे दोन किलोमीटर कमी. प्रधानसाहेब म्हणाले होते, "दळवी, शोरूममध्ये गिऱ्हाईक पहिला प्रश्न काय विचारतं? अ‍ॅव्हरेज किती देते. फुप्फुसाचं कोणी विचारत नाही." अच्युतरावांनी अर्धा तास वाद घातला होता. नियम, दंड, बदनामी, सगळं सांगितलं. नंतर चार दिवसांत त्यांनी सॉफ्टवेअर लिहूनही दिलं. इतकं नेटकं जमलं होतं की त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला होता.

"तुमचं मशीन बरोबर होतं," ते म्हणाले. "यादीही बरोबर आहे. इंजिन खोटं बोलत होतं. ते मी शिकवलं त्याला."

"म्हणजे काय, सर?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाडी उभी आहे, स्टिअरिंग हलत नाही आणि अ‍ॅक्सिलरेटर मात्र दाबला जातोय, म्हणजे तपासणी चालू आहे, हे त्याला ओळखता यायचं. मग ते सगळा धूर फिल्टरमध्ये कोंडून ठेवायचं. एरवी रस्त्यावर एक झडप उघडी असायची. धूर फिल्टरला वळसा घालून तसाच बाहेर. म्हणून अ‍ॅव्हरेज चांगलं."

"आणि कोंडलेला धूर?" सिंधूताईंनी विचारलं.

"तपासणी संपून स्टिअरिंग वळलं की झडप उघडायची. दाबाने सगळं एकदम बाहेर."

"म्हणजे गाडी शेडमधून निघताना."

"हो."

"मी मागेच उभी असायची. पुढच्या गाडीला हात दाखवत." त्यांनी हात किंचित उचलला आणि खाली ठेवला. "एक काळा भपकारा यायचा. मला वाटायचं, ड्रायव्हर मुद्दाम करतात."

"मागे कोणी उभं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, ताई. मी फक्त झडपेचा विचार केला." त्यांनी हात जोडले. "मला माफ करा."

सिंधूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं, आणि ते अच्युतरावांना रागापेक्षा जड गेलं.

"माझी सही खरी होती," त्या हळूच म्हणाल्या. "एवढं कळलं, बास झालं. माफीचं मी एकटी काय सांगू? माझ्यासारखे किती आहेत?"

डॉक्टरांनी पडद्यावर सत्तावीस-ब शोधलं. "आजपर्यंत एक्केचाळीस हजार. आणि सर, कायद्याने मला हा जबाब नोंदवावा लागेल. यापुढे त्या प्रत्येकाच्या अहवालात खुणेपुढे तुमचं नाव येईल. ज्याला तुम्हाला भेटायचं असेल, त्याला नाही म्हणता येणार नाही."

"नोंदवा." मान खाली घालून त्यांनी जबाबाखाली पडद्यावर अंगठा टेकवला. सांगून टाकल्यावर छाती हलकी होईल असं त्यांना वाटलं होतं. ती झाली नाही.

सिंधूताईंना आत नेलं. बाहेरच्या बाकावरून दुसरी रुग्ण आली. ओलसर केसांची, धाप लागलेली मुलगी. ती पोहायला शिकवायची. गेल्या महिन्यापासून तिला एक फेरीही पुरी करता येत नव्हती. अर्ध्या तासाने पडद्यावर आकडा उमटला. सत्तावीस-ब, अकरा टक्के.

"वय किती तुझं?" अच्युतरावांनी विचारलं.

"वीस."

ते ताडकन उभे राहिले. "मॅडम, हे वाचन चुकलंय. शेवटची गाडी भंगारात गेली तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती!"

"वाचन बरोबर आहे," डॉ. मुलाणी शांतपणे म्हणाल्या. "काजळी मातीत बसते, वाऱ्याने उडते, पुन्हा बसते. गाड्या मोडीत काढता आल्या, सर. ती कशी काढणार?"

मुलगी पडद्यावर खुणेपुढे नुकतंच आलेलं नाव वाचत होती. मग तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"हे तुम्हीच का?"